‘वाढतें महत्त्व’ : एका शब्दप्रयोगाची हकीकत



आज आपल्यापुढें जी हकीकत मांडावयाची आहे ती कोण्या राजाची वा लढाईची नाहीं. दोन शब्दांची आहे. ‘वाढतें महत्त्व’ हे ते दोन शब्द. सकाळीं वर्तमानपत्र उघडावें तों शेततळ्यांचें महत्त्व दिवसेंदिवस वाढत असतें. दुपारीं शाळेंत परिपत्रक यावें तर त्यांत संगणकाचें वाढतें महत्त्व ‘लक्षांत घेतलेलें’ असतें. संध्याकाळीं पारावर सभा झाली तर वक्ते योगासनांना ‘अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झालें आहे’ असें सांगून खालीं बसतात. ह्या वाक्याला कोणी आक्षेप घेत नाहीं. घेणार तरी कसा? त्यांत हातीं धरण्याजोगें कांहीं नसतेंच.

मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला मनुष्य. आमचे वडीलधारे त्या परीक्षेला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत. पुढचें सारें आयुष्य नगर जिल्ह्यांतल्या शाळांतून मराठी व इंग्रजी शिकविण्यांत गेलें. ‘नगर’ ही जुनी संवय. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, आणि ज्यांच्या स्मरणार्थ झालें त्या अहिल्याबाई होळकर ह्याच जिल्ह्यांतील चौंडीच्या लेकी. नोकरीच्या काळांत हे दोन शब्द मीं शेंकडों मुलांच्या वह्यांत लाल शाईनें लिहिले आहेत. तेव्हां त्यांची चौकशी करण्याचें कर्तव्य इतर कोणापेक्षां माझ्याकडेच अधिक येतें.

हा प्रयोग आपल्याकडे इंग्रजींतून आला. इंग्रज मनुष्य ‘ग्रोइंग इम्पॉर्टन्स’ म्हणतो, ‘इन्क्रीझिंगली इम्पॉर्टंट’ म्हणतो. त्याच्या भाषेंत एखादी गोष्ट महत्त्व ‘मिळविते’, किंवा अंगरखा चढवावा तसें महत्त्व ‘धारण करते’. ‘इम्पॉर्टन्स’ हा शब्द मूळ लॅटिन. आंत वाहून आणणें हा त्याच्या धातूचा अर्थ, आणि परदेशांतून येणाऱ्या मालाला इंग्रजींत जो ‘इम्पोर्ट’ शब्द आहे तोहि त्याच घराण्यांतला. म्हणजे कोणीतरी कांहींतरी आणल्याखेरीज ही क्रिया होऊं नये. पण वाक्यांत येतांना आणणारा गळाला. रस्ता महत्त्व मिळवितो, बंदर महत्त्व मिळवितें, कायदा महत्त्व मिळवितो. आणि हें सारें जणूं काय पिंपळाला पालवी फुटावी तसें आपोआप घडतें. सरकारी खलित्यांना असली वाक्यरचना फार सोयीची. हुकूम कोणाचा, लाभ कोणाचा, हें सांगण्याची जबाबदारी तिच्यांत उरत नाहीं.

आतां आपल्या घरचे शब्द पाहूं. घोडेगांवच्या बाजारांत बैलाला भाव येतो. भाव म्हटला कीं गिऱ्हाईक आलेंच. गिऱ्हाइकावांचून भाव कोणत्याहि मालाला आलेला नाहीं. सोसायटींत एखाद्याची पत वाढते, म्हणजे कर्ज देणारे त्याच्यावर विसंबूं लागतात. पंचांत बसलेल्या माणसाच्या शब्दाला वजन येतें, म्हणजे ऐकणारे त्याचा शब्द तोलूं लागतात. क्षेत्राचा महिमा वाढतो तो भक्तांमुळें. एखाद्या धंद्याची चलती असते, म्हणजे तूर्त लोक तिकडे धांवत आहेत, उद्यां कदाचित् धांवणार नाहींत. ‘चलती’ ह्या शब्दांतच तिच्या थांबण्याची सूचना आहे. घरांतल्या कर्त्या बाईवांचून पान हलत नाहीं. आणि गांवांत नवीन श्रीमंत झालेल्याचें प्रस्थ वाढतें. संस्कृतांत प्रस्थ हें धान्य मोजण्याचें एक माप आहे. मराठींत मात्र ‘त्याचें प्रस्थ वाढलें’ म्हणणारा त्या वाढीवर फारसा खूष नसतो. नाराजी आणखी वाढली कीं तो ‘स्तोम माजलें’ म्हणतो, आणि अगदींच असह्य झालें म्हणजे मनुष्य ‘डोईजड’ होतो. बोलणारा कोठें उभा आहे, डोक्यावर ओझें कोणाच्या आहे, तें ह्या शब्दांतून लगेच कळतें.

गरजेपुरतें येणारें महत्त्व निराळें. त्यासाठीं आपल्याकडे अडल्या हरीची म्हण आहे. पाथर्डी तालुक्यांत मढी येथें कानिफनाथांच्या यात्रेंत गाढवांचा बाजार भरतो. त्या बाजारांत उभें राहून ही म्हण आठवली म्हणजे हंसूं येतें, कारण तेथें हरीच काय, पुष्कळ व्यवहारी माणसें गाढवाचे पाय धरून, दांत पाहून, शांतपणें किंमत करीत असतात.

हे सर्व शब्द एकाच काळचे नव्हेत. ह्या जिल्ह्यांत नेवाशास शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० ह्या वर्षीं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. महिमा, थोरवी हे शब्द त्या संतपरंपरेनें घरोघर पोंचविले. पुढें मलिक अहमदानें बहामनी सत्तेपासून फुटून १४९० मध्यें निजामशाही उभी केली आणि १४९४ मध्यें भिंगारजवळ सीनेच्या कांठीं आपल्या नांवाचें शहर वसविण्यास आरंभ केला. दरबार आला, दप्तर आलें, आणि दप्तराबरोबर फारशी आली. वजन, किंमत, कदर, मातब्बर हे सगळे अरबी शब्द ह्या फारशीच्या वाटेनेंच आपल्यांत आले. आज भाजीवालीला ‘वजन’ हा परका शब्द आहे असें सांगितलें तर ती तागडी खालीं ठेवून आपल्याकडे पाहत राहील. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं जुनीं कागदपत्रें तपासून फारशीनें मराठी कशी व्यापली होती तें दाखविलें. शिवछत्रपतींनीं राजव्यवहारकोश करवून घेतला तो ह्याच व्याप्तीला बांध घालण्यासाठीं. कोश झाला, कित्येक फारशी शब्द गेलेहि. पण वजन आणि किंमत राहिले, कारण तोंवर ते बाजारांत रुळले होते. सांगावयाचें एवढेंच कीं परक्या शब्दाशीं माझें वैर नाहीं. निजामशाहीनें दिलेल्या शब्दांतहि तोलणारा, किंमत करणारा, कदर करणारा मनुष्य जागच्या जागीं शाबूत आहे.

ह्या घरच्या शब्दांनीं नगर शहराची हकीकत सांगून पाहतों. अहमद निजामशहानें राजधानी केली म्हणून शहर भरभराटीस आलें. १५९५–९६ च्या वेढ्यांत चांदबिबीनें किल्ला राखला, तेव्हां त्याचा दरारा दिल्लीपर्यंत पोंचला. १६०० मध्यें ती मारली गेली व किल्ला अकबराकडे गेला; मलिक अंबरानें पुढें खडकी वसवून राज्याचें वजन तिकडे नेलें, आणि १६३६ मध्यें निजामशाही संपली. १७०७ मध्यें औरंगजेब ह्याच भिंगारच्या छावणींत वारला. १७५९ मध्यें किल्ला पेशव्यांस मिळाला. पुढें तो शिंद्यांकडे गेला. १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें तो घेतला, कारण पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या फौजेला पाठीशीं असें ठाणें हवें होतें. पहा, प्रत्येक ठिकाणीं ‘कोणी’ आणि ‘कां’ हीं दोन्ही सांगावीं लागलीं. ‘ह्या काळांत नगरचें महत्त्व कमीअधिक होत गेलें’ असें एक वाक्य लिहून मला हा सगळा परिच्छेद वांचवितां आला असता, आणि बरींच पाठ्यपुस्तकें तसें करतातहि.

मग हा प्रयोग मराठींत शिरला केव्हां? एका दिवसाचें नांव घेतां येणार नाहीं, पण वाट स्पष्ट दिसते. १८३१ सालीं मोल्स्वर्थचा मराठी–इंग्रजी कोश निघाला. त्याच वर्षअखेर अमेरिकन मिशनचे लोक नगरांत येऊन राहिले. पुढच्याच वर्षीं मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांनीं दर्पण सुरू केलें. त्याच्या पानावर एका रकान्यांत इंग्रजी व शेजारच्या रकान्यांत मराठी मजकूर असे. दोन रकाने शेजारीं शेजारीं ठेवून रोज लिहूं लागल्यावर एकाची चाल दुसऱ्यास लागणारच. लग्नाच्या पंगतींत शेजारच्या पानाकडे पाहून जेवणारा असतो, तसें. १८४२ सालीं नगरांत ज्ञानोदय निघालें. आणि १८४७ सालीं मोल्स्वर्थ व कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश बाहेर पडला. मला हें साल सर्वांत मोठें वाटतें. पहिल्या कोशांत मराठी शब्द आधीं उभा राहून आपला अर्थ इंग्रजींत सांगत असे. ह्या दुसऱ्यांत इंग्रजी शब्द पुढें उभा राहिला आणि मराठीनें त्याच्यासाठीं एक जोडीदार हजर करावयाचा असा क्रम आला. ‘इम्पॉर्टन्स’पुढें एकच नेटका, कोठेंहि चालेल असा शब्द हवा. भाव चालेना, तो बाजारचा. महिमा चालेना, तो देवळांतला. प्रस्थ चालेना, त्यांत कुचेष्टा. महत्त्व हा संस्कृत शब्द आपल्याकडे जुनाच, मोठेपणा ह्या अर्थाचा. त्याला कोणताच वास नव्हता, म्हणून त्याची नेमणूक झाली. शाळाखात्याच्या मराठी पुस्तकांवरून मेजर कँडींचा हात फिरत असे, तेव्हां मुलांच्या तोंडीं हीच भाषा बसली.

ह्या भाषांतरी मराठीची पहिली जोरदार झाडाझडती १८७४ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत घेतली, हें आपण जाणतांच. परंतु मौज अशी कीं शास्त्रीबोवांच्या मागून आलेल्या त्यांच्या अनुयायांच्या लेखांतहि ‘महत्त्व प्राप्त झालें’ हें वाक्य सुखानें नांदत आहे. १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नगर जिल्ह्याचा खंड निघाला. गांवोगांवची लोकसंख्या, बाजारवार, कचेऱ्या, देवळें यांची त्यांत केवढी मेहनतीनें नोंद आहे! त्या कष्टांना हात जोडावेसे वाटतात. पण गांवाला लहानमोठें ठरविणारी ती दृष्टि सरकारची, म्हणजे वसूल आणि बंदोबस्त पाहणाराची. पुढें आमच्याच लोकांनीं गांवांचे इतिहास लिहिले ते तीच मोजपट्टी घेऊन. गांवकऱ्यांच्या दृष्टीनें कोणतें गांव मोठें, कोणाच्या यात्रेला, कोणाच्या विहिरीला, कोणाच्या वैद्याला लोक धांवत, हें लिहून ठेवणारा क्वचित् निघाला.

एक अपवाद ह्याच शहराचा सांगितला पाहिजे. रेव्हरंड ना. वा. टिळक बरींच वर्षें नगरांत राहिले. मिशनची गाणीं तोंवर पुष्कळशीं इंग्रजी चालींवरचीं भाषांतरें होतीं. टिळकांनीं आपली भक्ति अभंगांत आणि ओव्यांत ओतली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई शाळा फारशी न शिकलेल्या, आणि त्यांचीं स्मृतिचित्रें वाचतांना असें एकहि वाक्य आडवें येत नाहीं कीं जें आधीं दुसऱ्या भाषेंत बांधून मग आणलें असावें. शिकलेल्यांना जें साधलें नाहीं तें त्यांना साधलें तें कां, ह्याचा विचार मी नोकरींत असतांना करावयास हवा होता.

आतां माझ्या लाल शाईकडे येतों. दौंड–मनमाड रेल्वे १८७८ मध्यें सुरू झाली. बेलापूर गांव प्रवरेच्या कांठीं. स्टेशन गांवापासून दूर माळावर पडलें. पुढें प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण झालें, तें १९२६ मध्यें पुरें झालें; त्या काळांत कालव्यांना पाणी लागलें, ऊंस उभा राहिला, हरिगांवास साखर कारखाना निघाला. माळावरच्या त्या स्टेशनाभोवतीं पेठ वसली, तेंच श्रीरामपूर. स्टेशनाला नांव बेलापूरचें मिळालें, शहर मात्र दुसऱ्याच नांवानें वाढलें. १९५० च्या सुमारास लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना उभा राहिला, आणि त्या मुलखाचें रूप आणखी पालटलें.

ह्या भागांतल्या एका शाळेंत मी असतांना वर्गांत भाषांतरासाठीं इंग्रजी वाक्य दिलें होतें. त्याचा आशय असा कीं, रेल्वे आल्यानंतर त्या खेड्याचें महत्त्व वाढत गेलें. एका मुलानें लिहिलें, ‘आगगाडी आली आणि गांवाला भाव आला.’ मीं ‘भाव आला’ ह्यावर काट मारली, वर ‘महत्त्व वाढत गेलें’ असें लिहिलें, आणि एक गुण कमी केला. मुलगा वही घेऊन टेबलाशीं आला. ‘गुरुजी, गाडी आल्यावर आमच्या रानाचा भाव वाढला, आजोबा सांगतात. मग चुकलं कुठं?’ मीं त्याला सांगितलें कीं भाव हा बाजारी शब्द आहे, परीक्षकाला तो चालणार नाहीं. उत्तर खरें होतें; परीक्षकाला तो खरोखरच चालला नसता. पण त्याच्या वाक्यांत त्याचे आजोबा होते, त्यांचें रान होतें, तें घ्यावयास आलेला कोणी होता. माझ्या वाक्यांत कोणी नव्हतें.

ह्याची शिक्षा मला बरींच वर्षें गेल्यावर मिळाली. मी जेथून निवृत्त झालों त्या शाळेंत एका वर्षीं ठरलें कीं पहिलीची मराठी तुकडी बंद करून तेथें इंग्रजी माध्यमाची तुकडी काढावी. ठराव माझ्यापुढें वाचावयास आला. आरंभ असा होता : ‘इंग्रजीचें दिवसेंदिवस वाढतें महत्त्व लक्षांत घेतां...’ सभेंत मी उठून विचारलें कीं हें महत्त्व कोणीं वाढविलें? पालकांनीं, कीं नोकरी देणारांनीं, कीं आपणच? पालकांनीं असेल तर त्यांतल्या किती जणांना आपण विचारलें? एकानें सौम्यपणें म्हटलें, ‘गुरुजी, काळाची गरज आहे.’ काळाला गरज असते हाहि असाच एक प्रयोग. ठराव एकमतानें झाला. माझाहि हात वर गेला, कारण त्या वाक्याविरुद्ध काय बोलावें तें मला सुचेना. जें वाक्य मीं तीस वर्षें बरोबर म्हणून शिकविलें, त्यांत चूक अशी मला तरी कोठें दाखवितां येणार होती?

कोणी म्हणेल, पालकांना खरोखरच इंग्रजी हवी होती. असेल. माझा नातू इंग्रजी शाळेंत जातो, मी लपवीत नाहीं. परंतु ‘आमच्या मुलांना नोकऱ्या हव्या आहेत, त्या इंग्रजीवांचून मिळत नाहींत, म्हणून मराठी तुकडी बंद करावी’ असें वाक्य लिहिलें असतें तर त्यावर वाद घालतां आला असता. नोकऱ्या कोणत्या, पहिलीपासूनच कां, दोन्ही तुकड्या कां नकोत, असें विचारतां आलें असतें.

महत्त्व ह्या शब्दाची बाजूहि मांडली पाहिजे, नाहींतर अन्याय होईल. भाव, पत, वजन, महिमा ह्या सर्वांना कोणीतरी पाहणारा लागतो. पण कित्येक गोष्टी अशा कीं कोणी पाहो न पाहो, त्या मोठ्याच असतात. पारनेरकडील जमिनीखालचें पाणी घ्या. राळेगणसिद्धीस आणि नंतर हिवरेबाजारास लोकांनीं पाणलोटाचीं कामें केलीं, बांध घातले, तेव्हां त्या पाण्याचें मोल साऱ्या महाराष्ट्राला कळलें. तें कळण्यापूर्वीं, विहिरी कोरड्या पडत होत्या तेव्हांहि, तें पाणी तितकेंच मोठें होतें. असल्या ठिकाणीं भाव म्हणून चालणार नाहीं, महत्त्वच म्हटलें पाहिजे. मात्र तेथें ‘महत्त्व वाढलें’ हें खोटें आहे. पाण्याचें महत्त्व होतें तेवढेंच होतें. वाढली ती आपली समज, आणि तीहि विहीर आटल्यावर.

निवृत्तीनंतर एकदां घोडेगांवास कांद्याच्या बाजारांत गेलों होतों. गोण्यांच्या रांगेंतून एक पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ पुढें आला, पायांवर हात ठेवला, आणि हंसून म्हणाला, ‘गुरुजी, ओळखलंत का? एक गुण कापला होता तुम्ही माझा.’ मीं ओळखलें. वही, शाई, टेबल, सगळें आठवलें. काय बोलावें हें न सुचून मीं कांद्याचा भाव विचारला.

‘पडलाय,’ तो म्हणाला. ‘गोणी परत न्यावी तर गाडीभाडं सुटत नाही.’

मीं एक पिशवी भरून घेतली. पैसे पुढें केले ते त्यानें घेतले नाहींत.